दशमीचे चोंगे, द्वादशीचा मलिदा: भवानी पेठेतल्या एका पंज्याचं प्रकरण

शनिवार, ६ जुलै २०२४. भवानी पेठेतल्या एका बोळात, संध्याकाळी सातच्या पुढे, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आठ-दहा माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. आभाळ ढगांनी भरलेलं. मोहरमच्या आधीच्या जिल्हेज महिन्याची ती २९ तारीख. चांद दिसला तर मोहरम रविवारी लागणार आणि दहावा दिवस मंगळवारी, १६ जुलैला येणार. न दिसला तर चालू महिना तीस दिवसांचा धरायचा आणि दहावा दिवस बुधवारी, १७ जुलैला. त्या बुधवारी आषाढी एकादशी होती.

एरवी मोहरमचा चांद बघायला या गच्चीवर दोन-तीनच माणसं चढतात. यंदा मानकऱ्यांचा नातूही वर आला होता. खाली ओट्यावर त्याची आजी बसली होती, गळ्यात तुळशीची माळ, दर पाच मिनिटांनी हाक मारत होती, "दिसला का रे?" रात्री मशिदीतून निरोप आला, चांद झालेला नाही. आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे एकादशीच."

या दोन शब्दांतून पुढचे दहा दिवस घडले. ते मी जवळून पाहिले, लिहून ठेवले आणि संबंधितांना वाचून दाखवले. बोळाचं नाव आणि माणसांची नावं द्यायची नाहीत, असं त्यांच्याशी ठरलं आहे.

बोळ, पंजा आणि मान

बोळात साठ-सत्तर घरं. एका टोकाला विठोबाचं छोटं देऊळ, मधोमध मुजावरांचं, म्हणजे पिराची सेवा करणाऱ्यांचं, दोन खोल्यांचं घर. त्यातल्या पुढच्या खोलीत वर्षभर एक लाकडी पेटी बंद असते. पेटीत पितळेचा पंजा. पाच बोटं म्हणजे पंजतन पाक: पैगंबर, हजरत अली, बीबी फातिमा, इमाम हसन आणि इमाम हुसेन. हिजरी सन ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये, मोहरमच्या दहाव्या दिवशी करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती यजीदच्या फौजेशी लढताना तहानलेले शहीद झाले. मोहरमात जागोजागी पाणी आणि सरबत वाटतात ते त्या तहानेच्या आठवणीने.

पाचव्या दिवशी पेटी उघडते. पंजा धुतात, संदल लावतात, हिरवं कापड नेसवतात, सेहरा चढवतात आणि काठीवर उभा करतात. याला इथे 'पीर बसले' म्हणतात. नवव्या दिवसाची रात्र ती कत्तलची रात्र. दहाव्या दिवशी सवारी निघते, ताबूत, म्हणजे इमामांच्या कबरीच्या प्रतिकृती, थंडे होतात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे शेवटचं दर्शन आणि फातिहा, करून पंजा परत पेटीत. आपल्या वर्तमानपत्रांत दर निवडणुकीला 'प्रचाराचे ताबूत थंडावले' असं छापून येतं. 'हैदोस' हा शब्दही मोहरमच्या सवारीतल्या 'हाय दोस्त' या आरोळीतून आला असं मानतात. बोलणाऱ्याला ठाऊक नसलं, तरी मराठी भाषेने हा सण केव्हाच घरात घेतलेला आहे.

आता मान. हा शब्द समजला नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. पंजा मुजावरांचा, पण पंज्याचं सगळं मुजावरांचं नाही. अलाव्याचं, म्हणजे मोहरमात पेटवतात त्या विस्तवाचं, पहिलं लाकूड आणि पहिला नैवेद्य वर सांगितलेल्या माळकरी मराठा घराचा. हलगीचा मान शेजारच्या वस्तीतल्या एका मातंग घराचा. ताबुताच्या सांगाड्याला लागणाऱ्या बांबूच्या कामट्या बुरूड आळीतल्या एका कारागिराकडून येतात आणि त्यांचे पैसे तो घेत नाही, नारळ घेतो. देवळासमोर पंजा थांबतो तेव्हा पुजाऱ्याच्या घरून पाण्याचा तांब्या येतो. कागदावर यातलं काहीही नाही. प्रत्येकाला फक्त आपला वाटा पाठ आहे, आणि दुसऱ्याचा वाटा कोणता हेही.

मी स्वतः गंज पेठेत वाढले. आम्ही सत्यनारायण घालणारी माणसं. पण धाकटा भाऊ तिसऱ्या वर्षी विषमज्वरातून उठला तेव्हा आई त्याला पाच वर्षं फकीर करायचा नवस बोलली होती. मोहरमात त्याला हिरवा सदरा शिवायचा, गळ्यात रंगीत दोऱ्यांचा गोफ घालायचा, खांद्याला झोळी अडकवायची आणि पाच घरी भिक्षेला न्यायचं. जमलेल्या पैशांत आई थोडी भर घालून सरबताला गूळ घेऊन द्यायची. रात्री अलाव्यात मूठभर मीठ टाकताना ती डोळे मिटून पुटपुटायची. काय ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, तसा दावाही नाही.

एकादशी आणि आशुरा एकत्र कशी येते

आशुरा म्हणजे मोहरमचा दहावा दिवस. तो एकादशीला येणं हा योगायोग वाटतो, पण त्यामागे साधं गणित आहे. आपला महिना अमावास्येनंतर प्रतिपदेला सुरू होतो, हिजरी महिना चंद्रकोर डोळ्यांनी दिसल्यावर. कोर बहुधा द्वितीयेच्या आसपास दिसते आणि दुसऱ्या दिवशी पहिली तारीख धरतात. म्हणून हिजरी दहावी तारीख आपल्या एकादशी-द्वादशीच्या आसपास पडते. प्रश्न फक्त कुठल्या महिन्यातली एकादशी, एवढाच.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान आहे. आपलं चांद्रवर्षही तसंच लहान, पण आपण सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही. त्यामुळे मोहरम दोन-तीन वर्षं आपल्या एकाच महिन्यात राहतो आणि अधिक महिना आला की एक महिना मागे सरकतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षं तो भाद्रपदात होता, म्हणून गणपती आणि पंजे एकत्र आले. २०२१ आणि २०२२ ला श्रावण. २०२३ ला अधिक श्रावण. २०२४ आणि २०२५ ला आषाढ. या दोन्ही वर्षी आशुरा बरोब्बर आषाढी एकादशीला आला: १७ जुलै २०२४ आणि ६ जुलै २०२५. २०२६ ला ज्येष्ठ अधिक, त्यामुळे मोहरम निज ज्येष्ठात. आषाढात तो पुन्हा यायला तीस-बत्तीस वर्षं लागतील. याआधी तो १९९१ पासूनच्या दोन-तीन वर्षांत आला होता. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर अडलं.

पेच

पहिला पेच नैवेद्याचा. मानकऱ्यांच्या घरून दहाव्या दिवशी सकाळी चोंगे जातात. कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट मळायची, तुपाचं मोहन घालायचं, जाड लाटून साच्यावर दाबायची म्हणजे नक्षी उठते, वर खसखस, आणि तव्यावर तुपात भाजायची. काही घरी तळतात. आजींकडे साचा लाकडी आहे, सासूच्या सासूचा. पंज्यापुढे चोंगे ठेवले की मुजावर फातिहा देतात आणि मुजावरांच्या घरचा मलिदा, म्हणजे जाड पोळ्या कुस्करून गूळ, तूप, खोबरं घालून केलेला प्रसाद, पहिल्यांदा मानकऱ्यांच्या हातावर ठेवतात. तो तिथेच, उभ्याने खायचा. हा मान आहे. आणि एकादशीला माळकऱ्याच्या घरी गव्हाचा कण शिजत नाही, तोंडात जाणं दूरच. आषाढी एकादशी तर वर्षातली सगळ्यात मोठी. घरात पन्नासेक वर्षांत मोडलेली नाही.

दुसरा पेच सरबताचा, तो मुजावरांच्या बाजूचा. दहाव्या मोहरमला अनेक सुन्नी घरांत रोजा असतो. ऐच्छिक आहे, पण बोळात तो धरणारे वाढले आहेत. म्हणजे सरबत वाटायच्या वेळी वाटणाऱ्याचा रोजा आणि घेणाऱ्याची एकादशी. सरबतात गुळासोबत बडीशेप वाटून घालतात, आणि आजींच्या घरात बडीशेप उपासाला चालत नाही.

तिसरा पेच देवळासमोरचा. सवारी दरवर्षी दुपारनंतर देवळापाशी थांबते, हलगी कडाडते, ती सलामी. एकादशीला त्याच देवळात सकाळपासून रांग आणि दिवसभर भजन. गर्दीमुळे सवारी दुसऱ्या रस्त्याने न्यावी, निदान देवळासमोर वाद्यं वाजवू नयेत, अशी सूचना बंदोबस्ताच्या बैठकीत आली. सूचना सौम्य होती आणि गर्दीचं कारण खरं होतं. पण वाद्य बंद म्हणजे हलगीवाल्याचा मान बंद.

चौथी गोष्ट बोलून दाखवायला कोणी तयार नव्हतं. मुजावरांचा पुतण्या, शिकलेला, नमाजी मुलगा, गेली काही वर्षं म्हणत होता की पंजा, ताबूत, अलावा हे दीनमध्ये, म्हणजे धर्मात, नाही. आशुऱ्याला रोजा धरावा, दानधर्म करावा आणि घरी बसावं. इकडे मानकऱ्यांच्या नातवाच्या फोनवर संदेश येत होते: लोकमान्यांनी मोहरमवर बहिष्कार घातला होता, मग तुम्ही अजून चोंगे कसले नेता? दोघं सव्वीस-सत्तावीसचे, एकाच शाळेत शिकलेले. परंपरेला आतून सुटायची वाट दोघांनाही दिसत होती आणि ती वाट तिथीने आयती उघडून दिली होती. 'यंदा एकादशी आहे, राहू द्या' एवढं म्हटलं असतं तरी कोणाला राग आला नसता. रिवाज बहुतेक वेळा असेच मोडतात. भांडण होत नाही, सबब मिळते.

नातवाने मला तो संदेश दाखवला आणि विचारलं, "मावशी, हे खरं आहे का?" खरं आहे, असंच मी सांगितलं. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. पुढच्या वर्षीच्या मोहरमात पुण्यातल्या पुष्कळ हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली, सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला आणि ताबुतांपुढच्या मेळ्यांच्या धर्तीवर गणपतीचे मेळे उभे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दारूवाला पुलाजवळ दंगा झाला. हा इतिहास लपवून मी त्याला परंपरेच्या बाजूला ओढलं असतं, तर तो दुसऱ्या दिवशी परत गेला असता. पण एक गोष्ट त्याच्यापुढे ठेवली. बहिष्कार घालावा लागला, म्हणजे त्याआधी घराघरांतून माणसं जात होती. आणि जाण्याची पद्धत त्याहून फार जुनी. पुणे परगणा निजामशाहीत होता. बुऱ्हाण निजामशहाने सोळाव्या शतकात शाह ताहिर या धर्मपंडिताच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, कोठल्याची मोहरमची सवारी आजही निघते. पुणे-सुप्याची जहागीर ज्यांना निजामशाहीतून मिळाली त्या मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे तर त्यालाही शाळेपासून माहीत होतं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला आजही उंचच उंच ताबुतांच्या भेटी होतात आणि त्यांचे मानकरी दोन्ही समाजांचे असतात. आता काय करायचं ते तू आणि तुझी आजी ठरवा, मला विचारू नका, असं मी म्हणाले. तो हसला नाही, पण फोन खिशात ठेवला.

ओट्यावरची बसणी

११ जुलैला, गुरुवारी, पीर बसायच्या आदल्या रात्री सगळे आजींच्या ओट्यावर जमले. बैठक म्हणायला कोणी तयार नव्हतं. मुजावर, आजी, नातू, हलगीवाला, देवळाचा पुजारी आणि मी.

मुजावरच आधी बोलले. "काकू, तुमचा उपास मोडून मला सवाब नको. यंदा नैवेद्य राहू दे." हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आणि आजींना ते लागलं. एवढा वेळ त्या कशी सोय करायची याच्या विचारात होत्या, आणि इथे समोरचा माणूस चांगुलपणाने त्यांचा मानच सोडवून घेत होता. "राहू दे कसं? माझ्या घरचा आहे तो. तुम्ही कोण राहू दे म्हणणारे?" असं त्या बोलल्या आणि लगेच "चहा टाक रे" म्हणून नातवाला आत पिटाळलं.

मग आजींनी १९९१ काढलं. त्या साली असंच झालं होतं, तेव्हा सासू कर्त्या होत्या. आजींना आठवत होतं ते असं: सासूने एकादशीला पंज्यापुढे खोबरं आणि खडीसाखर ठेवली, मलिदा झाकून देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि द्वादशीला पारणं त्या मलिद्याने सोडलं. मुजावरांना आठवत होतं ते वेगळं. त्यांच्या वडिलांनी चोंगे आदल्या रात्रीच, कत्तलच्या रात्री, दशमीला स्वीकारले होते आणि म्हणाले होते की पिराच्या दारात नैवेद्याला घड्याळ नसतं. दोघांचीही आठवण पक्की होती. दोघांपाशीही पुरावा नव्हता.

इथे बराच वेळ गेला. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. दोन साठी-सत्तरीची माणसं तेहतीस वर्षांपूर्वीचे चोंगे दशमीला गेले की नाही यावर अर्धा तास बोलत होती. मला मात्र तो अर्धा तास सगळ्यात मोलाचा वाटला. सण राहावा की न राहावा हा प्रश्न त्या अर्ध्या तासात ओट्यावर नव्हताच. तो कसा करायचा एवढाच होता. 'राहावा का' असा वाद घातला असता तर पुतण्या, संदेश, बहिष्कार, सगळे आत आले असते. 'कसा' यावर मात्र फक्त ज्यांच्याकडे मान आहे तेच बोलू शकत होते.

शेवटी पुजारी म्हणाले, दोन्ही करा. दशमीला रात्री चोंगे, एकादशीला खोबरं-खडीसाखर, द्वादशीला मलिद्याचं पारणं. दोन्ही आठवणी खऱ्या धरल्या की कोणी खोटं पडत नाही. सरबतातून बडीशेप काढायची, सुंठ आणि वेलची घालायची, आणि वाटप मगरिबनंतर, रोजा सुटल्यावर.

हलगीचं सोपं नव्हतं. हलगीवाल्याने सरळ विचारलं की माझी सलामी बंद होणार असेल तर पुढच्या वर्षी कोण म्हणेल की ती होती? त्याचं म्हणणं बरोबर होतं. गरिबाचा मान एकदा चुकला की त्याची आठवण ठेवायला कोणी नसतं. तोडगा त्यानेच काढला. ताशे, ढोल सगळे देवळाच्या पन्नास पावलं अलीकडे थांबवा. समोर मी एकटा येतो, पाच ठोके देतो, पंजतनचे पाच, आणि पुढे जातो. बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यांना हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. पाच ठोक्यांना त्यांची हरकत नव्हती.

एक गोष्ट मला टोचत राहिली, ती लिहिलीच पाहिजे. ओट्यावर आजींशिवाय आणि माझ्याशिवाय बाई नव्हती. मलिदा करणाऱ्या मुजावरांच्या घरच्या बायका, अलाव्यात मीठ टाकणाऱ्या, नवस बोलणाऱ्या, मुलांना फकीर करणाऱ्या, या सगळ्यांना निर्णय नंतर कळला. आजी तिथे होत्या त्या त्यांच्या आठवणीची गरज होती म्हणून. सणाचं निम्म्याहून जास्त काम बायकांच्या हातचं आहे. मलिद्यात किती बदल करावा लागेल हे कोणी त्यांना विचारलं नाही. मुजावरांच्या सुनेने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की द्वादशीपर्यंत ठेवायचा तर पोळ्या जास्त खरपूस भाजाव्या लागतील, नाही तर जुलैच्या दमट हवेत मलिदा आंबतो. हे ओट्यावरच्या कोणालाच सुचलं नव्हतं.

१६ ते १८ जुलै

मंगळवारी रात्री साडेनऊला आजी स्वतः चोंग्यांचं ताट घेऊन निघाल्या, नातू मागे. रात्री दहानंतर उघड्यावर वाद्यं वाजवता येत नाहीत, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. त्यामुळे कत्तलच्या रात्रीची फेरी गेली काही वर्षं वाद्यांशिवायच होते. फक्त पावलांचा आवाज, ऊदाचा धूर आणि मधूनच 'या हुसेन'. लहानपणीची दणाणती रात्र मला आठवते, तरी ही शांत फेरी मला दुःखाच्या जास्त जवळची वाटते.

अलावा आता खड्ड्यात नसतो. बोळ काँक्रीटचा झाल्यापासून चांदरातीला कुदळ मारायची ती देवळाशेजारच्या झाडाच्या आळ्यात, नावापुरती, आणि विस्तव पत्र्याच्या अर्ध्या पिंपात. आजींनी पहिलं लाकूड ठेवलं, आंब्याचं. मीठ टाकायला बायकांची रांग होती. त्यात साडीवाल्या, बुरखेवाल्या, जीन्स घातलेल्या मुलीही होत्या. मीही टाकलं.

बुधवारी सकाळी खोबरं-खडीसाखर गेली. दुपारी सवारी निघाली. पंजा पेलणाऱ्याच्या अंगात वारं येतं असं मानतात. त्या दिवशी पेलणारा मुजावरांचा थोरला मुलगा होता, तो रोजाने सुकलेला, पाय अडखळत होते, दोघांनी काखेत धरलं होतं. देवळापासून पन्नास पावलांवर ताशे थांबले. रांगेतल्या माणसांनी आपणहून वाट सोडली. हलगीवाला एकटा पुढे आला आणि पाच ठोके दिले. आत भजन चालू होतं, ते चालूच राहिलं. तांब्या आला, पंज्याच्या काठीपाशी पाणी ओतलं, सवारी पुढे गेली. सगळं मिळून तीन-चार मिनिटं.

पुतण्या सवारीत नव्हता. त्याला कोणी बोलावलं नाही आणि टोमणाही मारला नाही. सव्वासातनंतर, रोजा सुटल्यावर, सरबताच्या पातेल्यापाशी तोच उभा होता. करबलाच्या नावाने पाणी पाजणं त्याला मान्य होतं, पंजा नव्हता. मुजावरांना याचं दुःख आहे. ते त्यांनी मला सांगितलं आणि मी खोटा दिलासा दिला नाही. वीस वर्षांनी पेटी कोण उघडेल हे त्यांना दिसत नाही. आजींच्या नातवाने सरबताचे दोन पेले घेतले, एक आजीसाठी. ती पुतण्या आणि नातू यांची त्या दहा दिवसांतली एकमेव भेट. बोलले काय, तर "बडीशेप नाही ना?" "नाही."

एक छायाचित्रकार आला होता. त्याने आजी आणि मुजावरांना पंज्यापुढे हात धरून उभं केलं. दोघं उभे राहिले, पण हात कसा धरावा हे दोघांनाही कळत नव्हतं, कारण साठ वर्षांच्या शेजारात तो त्यांनी कधी धरला नव्हता. असा फोटो छापला की खाली 'ऐक्य' असा शब्द येतो. तो शब्द वाईट नाही. पण या बोळात जे आहे ते त्याहून बारीक आणि त्याहून टणक आहे. मुजावर मानकऱ्यांना देणं लागतात एक मूठ मलिदा, मानकरी मुजावरांना देणं लागतात एक लाकूड आणि एक ताट. देणं आहे म्हणून दर वर्षी दार वाजवावं लागतं. प्रेम असो नसो, मधे भांडण झालेलं असो. दोन्ही घरांत नळाच्या पाण्यावरून एकदा दोन वर्षं अबोला होता, तेव्हाही ताट गेलं होतं, फक्त न बोलता.

गुरुवारी, १८ जुलैला सकाळी, आजींनी तुळशीला पाणी घातलं, देवाला नैवेद्य दाखवला आणि मलिद्याचा डबा उघडला. पोळ्या खरपूस होत्या, मलिदा आंबला नव्हता. पहिला घास त्यांनी उभ्याने घेतला, जसा पंज्यापुढे घ्यायचा तसा. मग बसून पारणं केलं.

दुसरं वर्ष आणि वही

६ जुलै २०२५ ला, रविवारी, पुन्हा एकादशी आणि आशुरा एकत्र आले. सुट्टीमुळे देवळात गर्दी जास्त होती, पण ओट्यावर कोणाला बसावं लागलं नाही. दशमीला चोंगे, एकादशीला खोबरं, द्वादशीला मलिदा. हलगीवाल्याने पाचच ठोके दिले आणि लोक म्हणाले, इथे पाचच असतात. एका वर्षात तो रिवाज झाला होता. पोळ्या खरपूस भाजायचं मात्र मुजावरांच्या सुनेला आधीच विचारून ठरलं, ही मला बरी वाटलेली सुधारणा.

जियारतीच्या दिवशी आजींनी नातवाला वही आणायला लावली. पुढचा आषाढातला मोहरम येईल तेव्हा मी नसेन, मुजावर नसतील, तू साठीच्या घरात असशील, तेव्हा पुन्हा कोणी ओट्यावर बसून चोंगे दशमीला की एकादशीला असं भांडायला नको, लिहून ठेव. नातवाने लिहिलं, दशमीपासून द्वादशीपर्यंत क्रमाने. सरबतात बडीशेप नको, सुंठ घाला. पोळ्या जास्त भाजा. देवळासमोर हलगीचे पाच ठोके, आणि त्यापुढे हलगीवाल्याच्या घराचं आडनाव, ते गाळू नका असं त्याने दोनदा बजावलं होतं.

मुजावरांनी कागद वाचला आणि परत दिला. "अब्बांचं पण लिही. त्यांनी चोंगे दशमीला घेतले होते." आजी म्हणाल्या, लिहिलंय की दशमीला. "तसं नाही. १९९१ ला घेतले होते, असं लिही." आजींनी मान हलवली, नाही. नातवाने दोघांकडे पाहिलं आणि खाली आणखी दोन ओळी घातल्या: आजी म्हणतात १९९१ ला मलिदा द्वादशीला. चाचा म्हणतात १९९१ ला चोंगे दशमीला. मग पान फाडून चार घड्या घातल्या. मुजावरांनी पंजा हिरव्या कापडात गुंडाळला, कागद त्याच्याखाली ठेवला आणि पेटी लावली.